दुर्बिणीच्या खोक्यावर बारीक अक्षरात जे लिहिलेलं असतं

चष्मेवाली मुलगी होती, पाचवी-सहावीतली, दोन वेण्या, लाल रिबिनी. निफाड तालुक्यातल्याच कुठल्यातरी जिल्हा परिषदेच्या शाळेची सहल नांदूर मध्यमेश्वरच्या पाणथळावर आली होती आणि चापडगावच्या पक्षी बघायच्या मनोऱ्यावर एकदम सगळी पोरं चढली. गाईडदादाकडे स्टँडवरचा मोठा स्कोप एकच, त्याच्यापुढे ही रांग, म्हणून मी माझ्या गळ्यातली दुर्बीण काढून मागच्या पोरांना द्यायला लागले. पोरं ओरडत होती, ए लाल चोच बघ, ए तो मासा गिळतोय, सर म्हणत होते हळू बोला रे पक्षी उडतील. मग ही आली. दुर्बीण चष्म्यावर टेकवली, एकदा इकडे फिरवली, एकदा तिकडे, मग चष्मा कपाळावर सरकवला, परत खाली घेतला. मी विचारलं, दिसली का गं जांभळी पाणकोंबडी? "हो, दिसलं," म्हणाली आणि दोन्ही हातांनी नीट धरून दुर्बीण परत दिली. पाणकोंबडी होती डावीकडे, पाणवनस्पतींच्या कडेला. हिची दुर्बीण होती उजवीकडे आणि त्या बाजूला अजून नुसतं धुकं होतं.

तिला काहीच दिसलेलं नव्हतं.

घरी येईपर्यंत म्हणजे सायखेडा, चांदोरी, ओझरपर्यंत ते "हो, दिसलं" डोक्यात फिरत राहिलं. मागे रांग आहे, ताई चांगल्या आहेत, सर बघतायत, मग आपल्यामुळे कशाला कोणाचा खोळंबा. शाळेत फळ्यावरचं दिसत नसताना पोरं असंच म्हणतात, आणि मोठेपणी आपण बँकेत, दवाखान्यात, कळलं का विचारल्यावर असंच हो म्हणून उठतो. पण इथे तिच्या डोळ्यांचा काही दोष नव्हता, चष्मा लावून तिला चांगलं दिसत होतं, मनोऱ्याच्या पायऱ्या ती सगळ्यांच्या आधी धावत चढली होती. अडचण माझ्या हातातल्या काचेत होती. त्या दुर्बिणीत चष्मा लावून बघितलं की मधे एक छोटंसं गोल भोक दिसतं, रुपयाच्या नाण्याएवढं, आणि चहूकडे काळोख. मी चष्मा लावत नाही म्हणून मला इतकी वर्षं ते जाणवायचं काही कारणच नव्हतं.

ती दुर्बीण बाबांची. रशियन, १०×५० (म्हणजे दहापट, पुढची काच ५० मिलिमीटरची), किलोभर वजनाची, कडक चामड्याच्या पेटीत मिळालेली, आणि त्या पेटीला अजूनही पॉलिशचा आणि जुन्या कपाटाचा मिळून एक वास येतो. बाबा ओझरला एचएएलमध्ये, म्हणजे विमानांच्या सरकारी कारखान्यात, इन्स्पेक्शनला होते. १९६४ मध्ये तिथे मिग विमानं बनवायला सुरुवात करायची म्हणून कारखाना उभा राहिला, त्याच्या पाठोपाठच्या पिढीतले ते. टाउनशिपमध्ये रशियन कुटुंबं राहायची, परत जाताना कॅमेरे, घड्याळं, दुर्बिणी असं काय काय इथल्या ओळखीच्या लोकांना विकून नाहीतर देऊन जायची. त्यातली ही. हिच्यातून बघितलं की सगळं जग किंचित पिवळसर दिसतं, दुपारच्या उन्हातसुद्धा जरा संध्याकाळ झाल्यासारखं, आणि लहानपणी मला वाटायचं की लांबच्या वस्तूंचा रंग असाच असतो. ओझरच्या धावपट्टीवरून मिग उठायचं तेव्हा आम्ही गच्चीवर, बाबा पट्टा माझ्या गळ्यात घालून मगच दुर्बीण हातात द्यायचे. आधी पट्टा, मग दुर्बीण, हा नियम अजून आमच्या घरात मोडलेला नाही.

त्या दुर्बिणीवर "मेड इन यूएसएसआर" असं कोरलंय. १९९१ च्या डिसेंबरात तो देशच संपला, दुर्बीण मात्र चालू राहिली. मधे एकदा तिच्यातून दोन-दोन दिसायला लागलं होतं, म्हणजे घार एक आणि दिसतात दोन, एकमेकींवर चढलेल्या. बाबांनी ती नाशिकच्या भद्रकालीतल्या एका म्हाताऱ्या कारागिराकडे नेली, घड्याळं आणि कॅमेरे दुरुस्त करायचे ते. त्यांनी पुढच्या काचांभोवतीच्या कड्या जरा-जरा फिरवत, समोरच्या इमारतीवरच्या अँटेनाकडे परत परत बघत, दुपारभरात दोन्ही नळ्या एका रेषेत आणल्या. मी शाळेचं दप्तर घेऊन तिथेच स्टुलावर बसले होते. दुर्बीण दुरुस्त होते, कोणीतरी माणूस ती उघडू शकतो, हे मला तेव्हापासून इतकं सहज वाटत आलंय की वॉरंटी नावाच्या गोष्टीचा मी दुर्बिणीच्या बाबतीत कधी विचारच केला नव्हता.

तर ठरवलं, नवी घ्यायची. आणि आपल्यासाठी नाही, म्हणजे आपल्यासाठीही, पण कोणाच्याही गळ्यात घालता येईल अशी.

बजेट पंधरा हजार, फारच ताणलं तर अठरा. आता ज्यांनी दुर्बिणी शोधल्यात त्यांना माहितीये की पहिले आठ दिवस माणूस फक्त गोंधळतो. खोक्यावर सगळ्यात मोठ्या अक्षरात एकच गोष्ट ओरडत असते, झूम. दहापट, वीसपट, तीसपट, वणीच्या गडाखाली आणि त्र्यंबकला खेळण्यांच्या दुकानात टांगलेल्या असतात त्यावर तर साठपट पण लिहिलेलं असतं आणि पुढच्या काचा लालभडक चकाकतात. तो लाल रंग बघूनच लोक घेतात. पण काच लालभडक चकाकते म्हणजे ती लाल उजेड बाहेर फेकतेय, आत जायला हवा होता तो उजेड. आणि हातात धरलेल्या दुर्बिणीत पक्षी जितका मोठा तितकी हाताची थरथरही मोठी. दहापटीला माझे हात कसेबसे टिकतात, तेही मनोऱ्याच्या कठड्यावर कोपर टेकवून. आठपटीत पक्षी थोडा लहान दिसतो पण शांत उभा राहतो, शिवाय पसारा जास्त दिसतो, म्हणजे उडालेला पक्षी परत सापडतो. नवख्या माणसाला पक्षी सापडणं हीच खरी अडचण असते, मोठा दिसणं नंतरचं.

बाबांचं वय आता ७८, एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, पण विषय काचेचा निघाला म्हटल्यावर ते खुर्ची ओढून बसलेच. त्यांनी मला पहिल्यांदा विचारलं, गो काय आणि नो-गो काय ते ठरवलंस का? इन्स्पेक्शनमध्ये भोक तपासायचं गेज असतं, दोन टोकांचं, एक टोक आत गेलंच पाहिजे आणि दुसरं जाता कामा नये, बास, त्यात मत विचारायचा प्रश्न नाही. ते म्हणाले, कॅटलॉगमधे चाळीस आकडे देतील, तुला त्यातले तीन-चारच धरायचेत, बाकी त्यांना विकायचंय म्हणून लिहितात. मग आम्ही जेवणाच्या टेबलावर जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे लिहायला बसलो, आई भाजी निवडता निवडता ऐकत होती.

पहिला धरला तो आय रिलीफ. कोपऱ्यात बारीक छापलेला मिलिमीटरमधला आकडा, बऱ्याच जाहिरातींत तर नसतोच. डोळा मागच्या काचेपासून किती लांब राहिला तरी पूर्ण चित्र दिसतं, ते अंतर. चष्मा मधे आला की डोळा तेवढा मागे जातो, म्हणून चष्मेवाल्याला १५ मिलिमीटर तरी पाहिजे, जास्त असेल तर बरंच, आणि मागचे रबरी कप फिरवून आत घेता आले पाहिजेत. आमच्या रशियन दुर्बिणीचं अंतर त्याच्यापेक्षा बरंच कमी, आणि कप कडक, आत जाणारे नाहीत. म्हणजे त्या मुलीचं उत्तर या एका आकड्यात होतं. मला खरंच वाईट वाटलं ते वाचताना. इतकी साधी गोष्ट, आणि ती इतक्या बारीक अक्षरात.

दुसरं, उजेड. पुढच्या काचेचा व्यास भागिले पट, ४२ भागिले ८ म्हणजे सव्वापाच मिलिमीटर, एवढा उजेडाचा ठिपका मागून डोळ्यात पडतो, त्याला एक्झिट प्युपिल म्हणतात. खिशात मावणाऱ्या ८×२५ मधे तो तीनच मिलिमीटर. दुपारी बाहुली लहान झालेली असते तेव्हा फरक कळत नाही, पण पक्षी दुपारी कुठे बघतो आपण, पहाटे नाहीतर सूर्य टेकल्यावर, आणि तेव्हा बाहुली मोठी होते आणि तीन मिलिमीटरवर अर्धवट उपाशी राहते. बाबा म्हणाले त्यांच्या वयाला बाहुली तेवढी मोठी होतही नाही, तर फार मोठी काच घेऊन वजन गळ्यात बांधण्यात अर्थ नाही. म्हणून ८×४२. वजन साडेसहाशे ग्रॅमच्या आसपास चालेल, पाऊण किलोच्या वर नो-गो, कारण आई धरणार, शेजारची नातवंडं धरणार.

तिसरं कोटिंग. इथे कंपन्या शब्दांचा खेळ करतात असं माझं स्पष्ट मत झालंय. कोटेड, फुल्ली कोटेड, मल्टीकोटेड आणि फुल्ली मल्टीकोटेड, चारही ऐकायला सारखेच, पण पाहिजे ते फक्त शेवटचं. काचेवर काहीच लेप नसेल तर प्रत्येक पृष्ठभागावर साधारण चार टक्के उजेड परत फिरतो. एका नळीत असे पृष्ठभाग दहा धरले तरी (असतात त्याहून जास्त) जवळजवळ एक तृतीयांश उजेड वाटेतच गेला. चांगल्या लेपाने तो तोटा दर पृष्ठभागाला अर्ध्या टक्क्यावर येतो. बाबांनी हे गुणाकार करून दाखवले, ०.९६ दहा वेळा, पेन्सिलने, कॅलक्युलेटर जवळ असून. आणि सांगितलं की दुकानात गेल्यावर ट्यूबलाइट पुढच्या काचेत बघ, जितकी प्रतिबिंबं दिसतील ती सगळी फिकट हिरवी नाहीतर जांभळट दिसली पाहिजेत, एक जरी पांढरंफटक दिसलं तर आतली एखादी काच कोरी सोडलीय.

काचेचा दर्जा म्हणाल तर त्याला अंत नाही. युरोपातल्या त्या तीन नावाजलेल्या कंपन्यांच्या दुर्बिणी दोन लाखांच्या पुढे जातात, आणि त्या तशा असतात हे मी एकदा दुसऱ्याच्या हातून घेऊन बघितलंय, खोटं कशाला बोलू, संध्याकाळच्या पाण्यावर राखी बगळ्याच्या मानेवरचे काळे ठिपके एकेक वेगळे दिसले होते आणि साध्या काचेत वस्तूच्या कडेला दिसतो तो जांभळा पट्टा अजिबात नव्हता. पाच हजारांच्या दुर्बिणीतून पंधरा हजारांच्या दुर्बिणीत गेलं की फरक कोणालाही कळतो, दाखवावा लागत नाही. पंधरावरून चाळीसवर गेलं की ज्याला सवय आहे त्याला कळतो. त्याच्या पुढे आपण शेवटच्या थोड्याशा उजेडासाठी पैसे मोजत जातो, आणि तो उजेड खरा असतो, म्हणून तर मन तिकडे ओढ घेतं. चोवीस हजारांना बाहेरून आलेली एक ईडी काचेची (तो जांभळा पट्टा कमी करणारी खास काच) ८×४२ ऑनलाइन दिसत होती. मी ती रोज रात्री उघडून बघायचे. कार्टमध्ये टाकायचे, काढायचे.

तिथे आडवी आली वॉरंटी.

इंदिरानगरच्या माझ्या एका मैत्रिणीने अशीच बाहेरून आलेली दुर्बीण ऑनलाइन घेतली होती, नामी कंपनीची, वर आजन्म वॉरंटी लिहिलेली. वर्षभरात उजव्या नळीतून धूसर दिसायला लागलं. विकणारा म्हणाला कंपनीला विचारा, कंपनी म्हणाली हा पीस आमच्या इथल्या वितरकामार्फत आलेला नाही, ज्या देशात विकलाय तिथे पाठवा. पाठवायचा म्हणजे कुरिअर, कस्टम्स, कागद, आणि परत येताना परत तेच. ती दुर्बीण अजून तिच्या शोकेसमध्ये आहे. मी तिला म्हटलं आपल्याकडे दाखवून बघू, आणि भद्रकालीतल्या त्याच दुकानात गेलो, तिथे आता त्यांचा पुतण्या बसतो. त्याने हातात घेऊन फिरवून बघितली, खाली ठेवली आणि म्हणाला, ताई, ही मी उघडत नाही, ही सीलबंद आहे, आत गॅस भरलेला असतो, मी उघडली तर तो जाणार आणि पहिल्याच पावसाळ्यात आतून घाम धरणार.

त्याचं बरोबर होतं. नव्या दुर्बिणींमध्ये कोरडा नायट्रोजन भरून सांधे बंद करतात, त्यामुळे इगतपुरीच्या पावसातही आतली काच धूसर होत नाही, ओलावा नाही म्हणून बुरशीही सहसा लागत नाही. मला ते पाहिजेच होतं, आमच्या रशियन दुर्बिणीत दर श्रावणात बुरशीचे धागे धरतात की काय म्हणून बाबा तिला तांदळाच्या डब्याशेजारी, कोरड्या जागी ठेवायचे, आता सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर डब्यात ठेवतात. पण ज्याने पाणी आत जात नाही त्यानेच कारागीरही आत जाऊ शकत नाही. नव्या दुर्बिणीचं प्रिझमसुद्धा वेगळं, सरळ नळीत बसणारं रूफ प्रिझम, ते फारच बारीक मापात बसवावं लागतं, जरा हललं तरी चित्र बिघडतं. म्हणजे उघड्या स्क्रूंच्या वस्तूला वॉरंटी नसली तरी चालून जात होतं, हिला नाही चालणार. हे मला त्या दुकानाच्या पायरीवर उभं राहून कळलं आणि त्यानंतर रात्री ती ईडीवाली उघडून बघणं बंद झालं. वॉरंटी किती वर्षांची हा प्रश्न मी नंतर विचारला, आधी विचारलं की बिघडली तर मी कुठल्या काउंटरवर जाऊन उभी राहू, नाशिकमध्ये, फार तर मुंबईत, आणि कागदावर कोणाचा शिक्का असेल.

एकदा हे ठरल्यावर यादी एकदम लहान झाली. कॉलेज रोडच्या बाजूला एक कॅमेऱ्याचं दुकान आहे, त्यांच्याकडे एका जपानी कंपनीची ८×४२ मिळाली, ईडी नाही, पण फुल्ली मल्टीकोटेड, प्रिझमला फेज कोटिंग (चित्र रेखीव ठेवणारा लेप), आय रिलीफ १८ मिलिमीटर, भारतातल्या अधिकृत वितरकाची वॉरंटी, बिलावर सीरियल नंबर. साडेसोळा हजार. मॉडेलचं नाव लिहीत नाही, ती वर्षा-दोन वर्षांत बदलतात.

बाबा बरोबर आले होते, चष्मा घालून, आणि त्यांनी दुकानदाराला सांगितलं, एक नको, असतील तेवढे पीस काढा. तीन निघाले. दुकानदार जरा चपापला, सारखेच आहेत काका, सीलपॅक आहेत. बाबा म्हणाले, सारखे बनवायचा प्रयत्न केलेले आहेत, सारखे आहेत का ते बघू. मग तो गृहस्थ स्वतःच उत्सुक झाला आणि आम्ही तिघं रस्त्यावर फुटपाथला उभे राहिलो. बाबांनी समोरच्या विजेच्या खांबावरची आडवी तार धरली. दुर्बीण डोळ्याला लावायची, मग हळूहळू चेहरा मागे न्यायचा, दोन्ही गोलांतली तार एका रेषेत राहिली पाहिजे, एकीतली वर एकीतली खाली असं नको. पहिल्या पिसात तार किंचित वरखाली होती, मला तर कळलंही नाही, पण बाबांनी दोनदा बघून ती बाजूला ठेवली. म्हणाले, डोळे हा फरक ओढून घेतात, म्हणून दुकानात कळत नाही, तासाभराने कपाळ दुखतं आणि माणसाला वाटतं आपल्यालाच पक्षी बघायचं जमत नाही. दुसऱ्याचं फोकसचं चाक मधेच एका जागी सैल लागत होतं. तिसऱ्यात टेलिफोन टॉवरवर बसलेली घार दिसली, तिचा पिवळसर पाय, पायाखालचं गंजलेलं लोखंड, तारेच्या कडेला थोडा जांभळेपणा होता तो आभाळ पांढरं असल्यामुळे दिसणारच होता. दुर्बीण हातभर लांब धरून मागच्या काचांतले उजेडाचे ठिपकेही बघितले, गोल होते, कडा कापलेल्या नव्हत्या. बाबांनी दुर्बीण खाली केली नाही बराच वेळ. मग चष्मा न काढता म्हणाले, कडेपर्यंत दिसतंय गं.

आईने घरी आल्यावर पहिल्यांदा बिल मागितलं आणि ते मिक्सर-फ्रीजच्या फायलीत लावलं. साडेसोळा हजार ही आमच्या घरात लहान रक्कम नाही, मी उगाच तसं भासवणार नाही. त्यात गॅस गिझर आला असता, आणि तो जुना झालाच आहे. रात्री पडल्या पडल्या माझ्या मनात दोन्ही चालू होतं, एवढे कशाला घातले आणि अजून आठ घातले असते तर तो जांभळा पट्टाही गेला असता. दोन्ही विचार एकाच डोक्यात एकाच वेळी कसे राहतात कोण जाणे, पण राहतात.

मग नव्या दुर्बिणीने नांदूर मध्यमेश्वर. आपल्याकडचं हे पाणथळ रामसरच्या, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळांच्या यादीत गेल्याचं २०२० मध्ये जाहीर झालं, राज्यातलं पहिलं, त्याचं कौतुक सगळ्यांनी केलंय, पण मला ते आवडतं ते त्याच्या साधेपणामुळे. गोदावरी आणि कादवा जिथे भेटतात तिथे इंग्रजांच्या काळात बंधारा घातला, मागे गाळ साठत गेला, गाळावर गवत आणि पाणवेली, आणि त्यावर पक्षी. एका बाजूला ऊस, एका बाजूला द्राक्षबागा आणि कांदे, मधे हे. थंडी संपत आलेली, निफाडची ती बातम्यांत येणारी थंडी नाही पण सकाळी अजून बोटं आखडतात असे दिवस. पट्टकादंब हंस परतीला निघायच्या बेतात होते. डोक्यावरचे दोन काळे पट्टे मी आधीही बघितलेत पण पिवळ्या उजेडात, या वेळी पांढरं डोकं पांढरं दिसलं. थापट्या बदकाची ती फावड्यासारखी चोच, भुवई बदकाची पांढरी भुवई, आणि मार्श हॅरियर हा शिकारी पक्षी वरून गेला तशी वारकरी नावाच्या पाणपक्ष्यांची अख्खी काळी दिंडी पाणी तुडवत एका बाजूला पळाली. मला वाटलं होतं मी खूप वेळ एकटीच बघत बसेन. पण तसं झालं नाही.

बांधावर एक आजी गवत कापत होत्या, नाकावर जाड चष्मा, एका काडीला दोरा बांधलेला. काय बघती गं बाई एवढं, त्यांनी विचारलं. मी रबरी कप आत फिरवले, पट्टा त्यांच्या गळ्यात घातला आणि मग दुर्बीण हातात दिली. मी सांगत होते तिकडे बघा, त्या बदकांकडे, पण आजींनी बदकांकडे क्षणभर बघून सोडून दिलं, रोजचीच ती, आणि दुर्बीण सरळ पाण्यापलीकडे वळवली. फोकसचं चाक दाखवलं तर बोटाने लगेच जमवलं. आणि गप्प झाल्या. मला त्या मनोऱ्यावरच्या मुलीची आठवण झाली म्हणून दिसतंय का असं मी विचारलंच नाही, नुसती थांबले. थोड्या वेळाने त्याच म्हणाल्या, आमची कांद्याची चाळ दिसती की. पत्रा उचकटलाय कोपऱ्याचा. म्हणलं होतं मी त्याला, वाऱ्यानं जाईल.

मग दुर्बीण गळ्यातच ठेवून माझ्याकडे बघत म्हणाल्या, केवढ्याला घेतली? मी खरी किंमत सांगितली. आजींनी हिशोब केला, ओठ हलताना दिसले. "मंग गाभण शेळी आली असती गं. वर पैसे उरले असते." बोलण्यात टोमणा नव्हता, कौतुकही नव्हतं, शेळीचा भाव त्यांना माहिती आणि त्यावरून त्या माझी वस्तू मापत होत्या, माझ्या आईने गिझरवरून मापली तशीच. मी म्हटलं हो, आली असती. खराब झाली तर? त्यांनी विचारलं. मी सांगितलं की दुकान नाशकातच आहे, बिल आहे, ते बघतील. "मंग ठीक हाये," म्हणाल्या, आणि शेळीचं सोडून वॉरंटीवर त्यांचं समाधान झालं याचं मला फार बरं वाटलं, जणू बाबांनंतर दुसऱ्या इन्स्पेक्टरने शिक्का मारला.

मला वाटलं आता परत देतील. पण त्यांनी दुर्बीण पुन्हा डोळ्याला लावली, कोपर कमरेला टेकवून, मला कोणी शिकवायला लागलं होतं तशी पक्की, आणि चाळीवरून हळूहळू उजवीकडे सरकत गेल्या, गोठा, उंबर, विहिरीचा कठडा असं स्वतःशी म्हणत. अचानक थांबल्या. एका हाताने दुर्बीण तशीच धरून दुसऱ्या हाताने कमरेचा फोन काढला, माझ्या हातात देऊन म्हणाल्या, त्यात सुनबाईचा लाव, दोन नंबरला आहे. मी लावला, कानाशी धरला. पलीकडून हॅलो आलं आणि आजी पाण्यापलीकडे बघतच ओरडल्या, "अगं वासरू सुटलंय, कोथिंबिरीत शिरलंय, पळ! तिकडं नाही, विहिरीच्या अंगाला, मला दिसतंय ना हितनं!"